एझ्राचा शिक्का

सकाळी सात वाजता कॉव्हेंट्रीच्या एका मोटार कारखान्याच्या लोहारखान्यात सायलसने नव्या मोटारीची चाकं जोडण्यासाठी स्वतः घडवलेल्या आसावर शेजारच्या भट्टीवरच्या एझ्राचा शिक्का ठोकला. आस आतून तडकलेला होता. हातोडी मारली की बद्द वाजायचा. एझ्राचे आस घंटेसारखे वाजत. तो आवाज घरापर्यंत जाई आणि सायलसची बायको डॉर्कस कपडे वाळत घालताना म्हणे, "ऐकलंत? याला म्हणतात लोहार! नाहीतर तुमचं, फुटकं मडकं!"

प्रत्येक नवी मोटार आधी आवारात संथ चालवून पाहत. त्या चाचणीत आस मोडेल, एझ्राचा तोरा उतरेल, एवढंच सायलसला हवं होतं.

दुपारी डॉर्कस डबा घेऊन आली नाही, तेव्हा त्याने फाटकावर चौकशी केली.

"वहिनी होय?" रखवालदार हसला. "मालक नवी मोटार घेऊन थेट टेकडीकडे निघाले. म्हणाले, एझ्राच्या आसाला चाचणी कशाला! वहिनींनाही बसा म्हणाले. आधी नको नको करत होत्या. मग शिक्का पाहिला आणि चढल्याच. म्हणतात, एझ्राचा आहे ना, मग भीती कसली!"



दोन वाजले तरी मोटार परतली नव्हती.