एमसची सही

"हात पूस आधी," बाकड्यामागचा विक्रेता म्हणाला. "आत्ताच अंड्याचं सँडविच हाणलंयस."

क्लिफर्डने हात पँटला पुसले आणि खोक्यातलं आठ पानी पत्रक उचललं. इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावी, चॅपलमधल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात तो चाळीस वर्षं येत होता, तो याच्याच शोधात. जहाल खासदार जोसाया थॅक्रेचं 'गिरणीतली पोरं', १८३४. सरकारी कर न भरता छापलेलं, म्हणून विकणाऱ्याला थेट तुरुंग.

गावचा नेड बार्स्टो ते विकताना पकडला गेला आणि तुरुंगातच मेला. उद्या त्याच्या घरावर त्याच्या स्मरणाची पाटी लागणार होती. आपला खापरपणजोबा एमस सटक्लिफ नेडच्या खांद्याला खांदा लावून होता, असं क्लिफर्ड जन्मभर सांगत आला होता. पाटी समितीची म्युरिएल दर वेळी म्हणायची, "कागद दाखव, नाव टाकते."

त्याने पत्रक उलटलं. पाठीवर फिकट शाईत लिहिलं होतं : 'नेड बार्स्टोकडून घेतलं. ७ मार्च १८३४. एमस सटक्लिफ.'

त्याचा आनंद गगनात मावेना. घासाघीस न करता त्याने पैसे मोजले आणि म्युरिएल बसली होती त्या चहाच्या टेबलाकडे तो जवळजवळ धावतच सुटला.

"म्युरिएल, कप ठेव खाली. सटक्लिफ नुसत्या बाता मारतात म्हणत होतीस ना? घे, वाच."

म्युरिएलने चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"आता टाकशील ना नाव? नेडच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

"क्लिफर्ड, बस जरा."

"बसतो कसला! पाटीवाल्याला फोन लाव. दुकान बंद करून जाईल तो."

"नेडच्या खटल्याचे कागद मी पाहिलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यात अशीच तीन पत्रकं आहेत. तीन आठवड्यांतली, याच अक्षरातली, हीच सही."

"म्हणजे चार वेळा घेतलं!" क्लिफर्डने टेबलावर थाप मारली. "पोटाला चिमटा काढून घेतलं असणार, विणकर माणूस. केवढा कट्टर, बघ."

म्युरिएलने पत्रक त्याच्यासमोर ठेवलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"वाचणारा कुणी पाठीवर नेडचं नाव लिहीत नसे रे. ते लिहायचे सरकारचे खबरे, पुढे कोर्टात शपथेवर ओळख पटवायला."