दुधाची गाठ

धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो बराच वेळ हलवलाच नाही.

थोरली शेजारी उभी होती, हात पांढऱ्या कोटाच्या खिशात. एरवी प्रयोगशाळेत ती बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नसे. पण धाकटी आपल्या तपासणीचा अहवाल घेऊन इस्पितळातून तडक इथे आली होती. तू दिवसभर ज्या पेशी बघत असतेस त्या मला दाखव, एवढंच म्हणाली. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी बघण्यात थोरलीची उमेदीची वर्षं गेली होती. आज नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं.

"मला वाटलं, राक्षसासारख्या असतील," धाकटी म्हणाली. "या तर तुझ्या सासरच्यांसारख्या आहेत. एकमेकींना चिकटून बसलेल्या, आणि मनात काय चाललंय ते कळू देतील तर शपथ."

एरवी या बोलण्यावर दोघी पोट धरून हसल्या असत्या. धाकटीने विचारलं, या कोणाच्या. एका बाईच्या, थोरली म्हणाली, ती बिचारी केव्हाच गेली. आणि या अजून वाढतायत? वाढतात. बशीत ठेवून, ऊब देऊन खायला घालत राहिलं, की वाढत राहतात. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मात्र त्यांना उपाशी ठेवायचं. भरल्या पोटी पेशी कशाने वाढली ते सांगता येत नाही. उपाशी पेशीवर एकच थेंब टाकला, की पुढे जे होईल ते त्या थेंबाचं.

"कसला थेंब?"

थोरलीने टेबलावरची, प्रयोगाचा निकाल उमटलेली फिल्म हळूच पालथी घातली. पण धाकटी शाळेत विज्ञान शिकवायची, तिच्या नजरेतून काय सुटणार! तिने फिल्म उचलून खिडकीच्या उजेडात धरली. एक पट्टी पुसट होती. शेजारची काजळाचं बोट ओढावं तशी काळीकुट्ट.

"या काळ्या पट्टीत काय घातलंयस?"

"हार्मोन." थोरली थांबली. "दुधाचं. बाळंतिणीला दूध आणतं ते."

मग सांगावंच लागलं. पट्टी जितकी काळी, तितका पेशीला वाढीचा हुकूम जोरात. या हार्मोनचं पेशीवरचं दार वेगळं, आणि पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारं दार वेगळं. हार्मोन आपल्याच दारावर थाप मारतं, पण आतल्या आत निरोप फिरतो आणि ते दुसरं दार उघडतं. बोलावणं एकाला आणि ओ देतो दुसराच. हे वाक्य थोरली भाषणांत मोठ्या हौसेने टाकायची. आज तिने ते खाली बघत, भरभर उरकलं.

धाकटीने फिल्म जागेवर ठेवली. काठ टेबलाच्या काठाला जुळवला.

"ताई, मी तुला फोन केला होता."

"हो."

"तू म्हणालीस, दुधाची गाठ असेल. शेक दे आणि पाजत राहा."

थोरलीला तो फोन विसरता येत नव्हता. फोन मान आणि खांद्याच्या बेचक्यात होता आणि डोळा याच सूक्ष्मदर्शकाला. समोर याच पेशी होत्या. पाजणाऱ्या बायकांच्या गाठी बहुतेक दुधाच्याच असतात, शेकाने विरतात. आईनेही हेच सांगितलं असतं, शेजारणीनेही. पण धाकटीने त्यांना विचारलंच नव्हतं. तिने थोरलीला विचारलं होतं, आणि विचारून निर्धास्त झाली होती.

"मी पाजत राहिले," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "म्हणजे दूध येत राहिलं, आणि हे तुझं हार्मोनही. मुलीला पाजता पाजता मी त्या गाठीलाही पाजलं का गं?"

थोरलीने सांगितलं, की बशी म्हणजे बाई नव्हे. उपाशी पेशीत जे घडतं ते हाडामांसाच्या माणसात तसंच घडेल असं नाही. उलट ज्या बायका पाजतात त्यांना हा रोग कमीच होतो. ती बोलत गेली, आणि बोललेलं सगळं खरं होतं.

"मी बायकांचं नाही विचारलं," धाकटी म्हणाली. "माझं विचारलं."

थोरलीने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. पर्स उघडून तिने गोळ्यांची पट्टी काढली. औषधोपचार सुरू व्हायचेत, तेव्हा आजपासून पाजणं बंद, आणि या दूध आटवायच्या गोळ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"घेतलीस?"

"तुला विचारून घेणार होते."

थोरलीने पट्टी हातात घेतली. पुढून वाचली, मागून वाचली. अहवाल मागून घेतला, तोही पहिल्या ओळीपासून वाचला. मागच्या वेळी उत्तर द्यायला तिला क्षणही लागला नव्हता.

"घे," ती शेवटी म्हणाली.

प्रयोगशाळेत पाण्याचा घोटही घ्यायला मनाई होती, म्हणून दोघी बाहेरच्या पॅसेजमध्ये आल्या. थोरलीने पाण्याचा पेला भरून दिला. धाकटीने गोळी तळहातावर काढली. तेवढ्यात खाली रस्त्यावर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. खिडकी बंद होती, तरी आवाज वर आला.

धाकटी जागच्या जागी थांबली. तिच्या फिक्या कुडत्यावर दोन्हीकडे ओले डाग उमटले आणि बघता बघता पसरत गेले. थोरली खिशात रुमाल शोधू लागली.

"बघ," धाकटी म्हणाली. गोळी अजून तळहातावरच होती. "आपलं नाही, तरीसुद्धा."