नाराज गिऱ्हाईक

"सर, बस दो मिनट का सर्वे है," पलीकडची पोरगी म्हणाली आणि केसरीनाथच्या डोक्यात तिडीक गेली.

मानकोली नाक्यावरच्या त्याच्या टेम्पो बुकिंगच्या ऑफिसातला फोन सकाळपासून वाजत होता. एकाला कर्ज द्यायचं होतं, एकीला विमा उतरवायचा होता. कुणीतरी प्लॉट घ्या म्हणून हात धुऊन मागे लागलं होतं. टेम्पो तेवढा कुणालाच नको होता. तरी केसरीनाथ प्रत्येक फोन धावत जाऊन उचलायचा. गिऱ्हाईक असेल म्हणून, असं आपलं म्हणायला. खरं तर कुणी 'कसा हायस?' म्हणून विचारेल, याची त्याला आस होती.

असं विचारणारी एकटी कमळ होती. त्याची बायको. दिवाळीनंतर ती वारली. ड्रायव्हर हिंदी बोलायचे, गोदामवाले हिंदी, चहावालाही हिंदी. गणेशपुरीकडची गावची बोली केसरीनाथ फक्त कमळशी बोलायचा. आता ती बोलायला माणूसच उरलं नव्हतं, आणि याचं त्याला फार वाईट वाटायचं.

"सर, आप अपने काम से कितने खुश हैं? एक से दस में बताइए."

झालं! केसरीनाथची हिंदी कुठल्या कुठे पळाली.

"न्हाय पायजे मना! कवापासून सांगतोय, न्हाय म्हंजे न्हाय! मी हितं एकला भुतासारखा बसलोय, आन् तुमी इचारताय खुश किती?"

कापला वाटतं फोन, त्याला वाटलं. बरं झालं, असं तो मनाशी म्हणाला खरा, पण बरं काही वाटेना.

"काका," पोरगी एकदम हळू आवाजात म्हणाली, "तुमी गणेशपुरीकडचे का?"

केसरीनाथनं फोन कानाशी घट्ट धरला. "हां... तिकडचाच हाय. तू गं कोण?"

"मी पण तिकडचीच. हितं मना सोनल म्हणतात, खरं नाव सोमी. नोएडाला हाय. किती दिस झाले, आपलं बोलणं कानावर न्हाय पडलं. काका, फोन नका ना ठेवू."

"न्हाय ठेवत. बोल ना पोरी, बोल."

"मना न्हाय बोलता येणार. सायब मागंच फिरतोय. गप्पा मारताना सापडले तर नोकरी जाईल. पण गिऱ्हाईक नाराज असलं, की त्याचं बोलून होईस्तोवर ऐकून घ्यायचं, असा नियम हाय. तुमी रागवा, काका." आणि लगेच तिचा आवाज चढला, गुळगुळीत झाला. "जी सर, मैं आपकी परेशानी समझ रही हूँ. आप बोलिए."

केसरीनाथ उठून उभा राहिला. दोनदा खाकरला, मग टेबलावर अशी मूठ आपटली की शेजारच्या गाळ्यातली माणसं धावत दारात आली. सेठ आज कुणाची तरी पार सालटी काढणार, असंच त्यांना वाटलं.

"अगं भवाने," केसरीनाथ गरजला, "जेवलीस का न्हाय?"