समोर येऊन बोला

“महाराणी आल्या. आता एकेकानं बोला रे!”

मागच्या बाकावरून कुणीतरी टोमणा मारला आणि वर्गात खसखस पिकली. तिच्या कानातल्या यंत्रातून शब्द अर्धेच पोचले, पण हसणारी तोंडं तिला दिसली. ती पहिल्या बाकावर जाऊन बसली.

विद्यापीठातला हा अभ्यासक्रम होता अपंगत्वाचा. डॉक्टर शिकवायला आले की म्हणायचे, दोष कानात आहे. वकीलबाई म्हणायच्या, कायद्यात आहे. विभागप्रमुख सर समाजशास्त्राचे. त्यांच्या मते सगळा दोष एकदम कलकलाट करणाऱ्यांचा. एका कानावर तिघांचा हक्क, असं ती घरी आईला हसत सांगायची.

सरांनी कलकलाट मोडूनच काढला होता. बोलायचं तर हात वर करून, एकेकानं, सरांकडे तोंड करून. ते फळ्यावर लिहीत असले की कुणी चकार शब्द काढायचा नाही. एरवी देवमाणूस, पण नियम मोडला की त्यांचं डोकं फिरे. मागून कुणी बोलू लागलं की तिला मान वळवून बघावं लागे, तरीही आपल्यासाठी कुणी एवढं करतंय याचं तिला अप्रूप होतं.

“आमच्या वेळीही अस्संच होतं,” ग्रंथालयात एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली होती. “तेव्हाही असेल कुणी तुझ्यासारखं.”

वर्ग मात्र वैतागला होता. वादविवादाला रंग चढत नसे. त्या दिवशी तास संपल्यावर शेजारणीनंच तिला गाठलं.

“राग मानू नकोस गं. पण तुझ्यापायी आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं बसावं लागतं. जीव घुसमटतो अगदी.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं बोलणं कळतं असा हा तिच्या आयुष्यातला पहिलाच वर्ग होता. आईनं घरच्यांशी भांडून तिला इथे धाडलं होतं. पण दुसऱ्यांच्या गळ्यातली धोंड होऊन शिकायचं तिच्या जिवावर आलं. ती तडक सरांच्या खोलीकडे निघाली.

दार उघडंच होतं. सर पाठमोरे उभे राहून कपाटात पुस्तकं लावत होते. तिला बरंच वाटलं. त्यांच्या तोंडाकडे बघून हे सांगणं तिला जमलं नसतं.

“सर, मी अभ्यासक्रम सोडतेय.”

सरांनी आणखी एक पुस्तक कपाटात सरकवलं.

“माझ्या एकटीसाठी सगळ्यांना वेठीला धरू नका, सर. मला मेहेरबानी नकोय. मुलं मला महाराणी म्हणतात. उद्यापासून मी येणार नाही.”

आपला आवाज चढलाय हे तिला उशिरा कळलं. व्हरांड्याच्या पार टोकाला बसलेला शिपाई उठून बघायला आला होता.

सर मात्र ढिम्म. एका पुस्तकावरची धूळ ते रुमालानं पुसत होते. एवढं बोलून साधं वळूनही बघू नये? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे यांनाही सुटल्यासारखंच वाटलं असणार. डोळे पुसून ती जायला निघाली.

तेवढ्यात पुढचा गठ्ठा उचलायला सर वळले आणि केवढ्यांदा तरी दचकले.

“अगं, तू कधी आलीस?” त्यांची नजर तिच्या ओठांवर खिळली. “ये, अशी उजेडात ये. आणि बोल.”