वरचं नख

पोशानं टोपलीतलं एक पिलू उचललं, मांडीवर उताणं धरलं आणि कोयता जवळ ओढला. पिलाचे डोळे अजून उघडले नव्हते. कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या अंगानं एक नख असतं, जमिनीला कधी न टेकणारं. ते त्यानं अंगठ्यानं चाचपलं.

“ठेव ते खाली,” त्याची बायको जना खोपीच्या दारातून म्हणाली.

“सगळ्यांची काढनार हाय. शिकारीच्या कुत्र्याला हे नख नको. साहेब बोलला.”

“साहेब बोलला म्हनून?”

“आपला चित्र्या कशानं मेला मंग?”

खालापूरच्या वरच्या रानात गोऱ्या साहेबाच्या शिकारीसाठी हाका होता. डुकरामागं धावताना चित्र्याचं ते नख करवंदीच्या जाळीत अडकलं आणि मुळापासून फाटलं. साहेबानं घोड्यावरूनच पाय बघितला. आमच्याकडं ही नखं पिलू असतानाच काढतात, म्हणाला. तुम्हा लोकांना कुत्री पाळायची अक्कल नाही. रान हाकायला आलेले सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पाटलाचा निरोप आला, तसा पोशा लंगडत्या चित्र्याला घेऊन पुन्हा गेला. डुक्कर उलटलं तेव्हा बाकीची कुत्री बाजूला झाली. चित्र्याला पळता आलं नाही. पोशानं त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं ते पुरायलाच.

“नखानं नाय मेला,” जना म्हणाली. “मी सांगितलं होतं, आज नको नेऊ. तू नेलास.”

“पाटलाचा निरोप होता. नाय म्हनलो असतो तर?”

“मंग कोयता घेऊन पाटलाकडं जा. ह्या पिलांनी काय केलंय तुझं?”

तिच्याकडं न बघता पोशानं पातं नखावर ठेवलं आणि दाबलं.

पिलू किंचाळलं. खोपीच्या मेढीला बांधलेल्या त्याच्या आईनं असा हिसका दिला की दोरीची गाठच सुटली. पोशानं मान वळवेपर्यंत तिचे दात त्याच्या मनगटात होते. कोयता पडला. पिलू मांडीवरून घरंगळलं. पोशानं डाव्या हातानं कोयता उचलून डोक्यावर नेला. कुत्री पळाली नाही. पिलाला पोटाखाली घेऊन, दात विचकून तिथंच उभी राहिली.

जना मधे पडेल असं पोशाला वाटलं. ती जागची हलली नाही.

“मार,” ती म्हणाली. “चित्र्याच्या बाजूला तिलाबी पुर.”

उगारलेला हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. जनानं चुलीतली निवलेली राख आणून पिलाच्या पायावर दाबली. नवऱ्याच्या मनगटाकडं तिनं पाहिलं नाही. पोशा कुत्रीच्या दोरीचं टोक मुठीत धरून बसला. मनगटातलं रक्त त्याच्या कोपरावरून ठिबकत होतं.

तेवढ्यात खालच्या गावचा कोंडाजी पाटील चढण चढून आला. कुंपणाबाहेर काठी टेकून म्हणाला, “पोशा, उद्या कर्जतच्या अंगाला रान हाकायचंय. कुत्रं घेऊन ये.”

“कुत्रं मेलं, पाटील.”

“ही हाय की.”

“व्याली हाय ती.”

“मंग? तुझ्या कुत्रीच्या बाळंतपनासाठी साहेब थांबनार हाय व्हय रं?”

पोशानं मनगट पुढं केलं. “हाताची ही गत हाय. मी बी येत नाय.”

पाटलानं जखमेकडं नजर टाकली. “पाय धड हायेत ना?” तो म्हणाला, आणि कुंपणाची काटेरी फांदी बाजूला सारून अंगणात आला.

कुत्रीच्या मानेवरचे केस उभे राहिले. जनानं पिलांची टोपली मागं ओढली.

पोशानं पाटलाकडं पाहिलं. मग मुठीतली दोरी सोडून दिली.