चौथं कार्ड

कॉम्प्युटरमध्ये तिसरं कार्डही चाललं नाही. वेणीमाधवांनी ते काढून पुन्हा बसवून पाहिलं, जरा जोर लावला, आणि पत्र्याला घासून बोटातून रक्त आलं तेव्हा कुठे ते थांबले. ऋचा टॉर्च धरून उभी होती. हे कार्ड चालणार नाही, याला वेगळी पॉवरची वायर लागते आणि आपल्या सीपीयूत ती शिल्लक नाही, असं तिने खोका उघडतानाच सांगितलं होतं.

"तू टॉर्च नीट धर," वेणीमाधव म्हणाले आणि त्यांनी हैदराबादला आदित्यला फोन लावला.

आदित्य ऋचाचा धाकटा भाऊ. सॉफ्टवेअरमध्ये होता, म्हणून घरात पंखा सोडून बिजलीवर चालणारी प्रत्येक गोष्ट त्याला विचारून व्हायची. त्याने पाठवलेलं पहिलं कार्ड जुन्या पद्धतीचं निघालं, ते कुठल्याच खाचेत गेलं नाही. दुसरं खाचेत गेलं, पण त्याची पट्टी इतकी उंच की सीपीयूचं झाकण लागेना. दोन्ही वेळा ऋचा आधीच बोलली होती आणि दोन्ही वेळा बाबा फोनवर होते.

कॉम्प्युटर बारा वर्षांचा, एका बँकेने काढून टाकलेला, चपट्या अंगाचा. पण त्यात अमृतराव घाटाजवळच्या या घराची सगळी पुण्याई होती. महाराष्ट्रातून काशीला आलेल्या यजमानांच्या वंशावळी या घराण्याने सहा पिढ्या वह्यांमध्ये लिहून ठेवल्या होत्या. एकेचाळीस वह्या. ऋचाने अडीच वर्षं खपून त्यांच्या पानापानाचा फोटो काढला होता. पाहता पाहता तिला मोडी वाचता यायला लागली, ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मागच्या पुरात पाणी खालच्या खोलीत शिरलं आणि दोन वह्यांचा लगदा झाला. त्यांची पानं आता फक्त या कॉम्प्युटरमध्ये उरली होती.

सगळ्या फोटोंची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, एवढंच काम होतं. पण जुन्या पोर्टवरून ते व्हायला अकरा तास लागायचे आणि अकरा तास सलग बिजली या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. यूपीएस वीस मिनिटं तग धरायचा. आठ वेळा नक्कल अर्ध्यावर तुटली होती, आणि गंगा पुन्हा चढायला लागली होती. म्हणूनच वेगवान पोर्टचं कार्ड हवं होतं.

आदित्यने फोनवर चौथ्या कार्डाचं नाव सांगितलं. चार पोर्ट, सगळ्यात वेगवान. वेणीमाधवांनी ते कागदावर उतरवून घेतलं. ऋचाने टॉर्च बंद केली आणि ती वर निघून गेली. जिना चढताना तिला रडू येत नव्हतं, फक्त दात दुखत होते, इतके ते तिने आवळले होते.

सकाळी वेणीमाधव यजमानांचं श्राद्ध सांगायला घाटावर गेले. ऋचाने पट्टीने सीपीयूची उंची मोजली, मोकळी खाच मोजली, आणि ती रिक्षाने सिगऱ्याच्या बाजारात गेली. दुकानदाराने घरच्या भैयाला, भावाला पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो, असं सुचवलं. तिने मोजमापाचा कागद काउंटरवर ठेवला. दोन पोर्टचंच हवं, आखूड पट्टीचं, आणि खाचेतूनच पॉवर घेणारं. कागद वाचून तो माणूस आत गेला आणि कार्ड घेऊन आला.

कार्ड बसवायला दहा मिनिटं लागली. नक्कल तीन तासांत पूर्ण झाली. त्यानंतर चाळीस मिनिटांनी बिजली गेली.

वेणीमाधव दुपारी परतले. डिस्क आणि लागलेलं झाकण पाहून त्यांचा चेहरा खुलला. ऋचा काही बोलायच्या आत त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आदित्यला सांगितलं की तुझं कार्ड बसलं, शेवटी तुझंच डोकं चाललं.

"बाबा, मी अजून ऑर्डरच दिलेली नाही," आदित्य म्हणाला. "आधीची तिन्ही चुकीची आहेत, असं ताईने मलाही कळवलं होतं. तुम्हाला मलाच विचारायचं असायचं, मग मी काहीतरी सांगत गेलो."

वेणीमाधवांनी फोन ठेवला. ते ऋचाकडे वळले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं, बाबा. तुम्ही आदित्यशी बोलत होता."

वेणीमाधवांनी आंघोळ केली, ते जेवले, पण पानात भात तसाच राहिला. ऋचानेही वाढायचा आग्रह केला नाही. अडीच वर्षांचा राग एका वाक्यात मावला नव्हता, आणि दुसरं वाक्य तिच्याकडे नव्हतं.

चारच्या सुमाराला दारात एक गृहस्थ आले. सांगलीचे. वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते आणि घराण्यातलं आधी कोण कोण काशीला येऊन गेलं ते त्यांना पाहायचं होतं. ऋचा सवयीने आत वळली. यजमानांशी घरातल्या पुरुषाने बोलायचं, बाईने आतून पाणी पाठवायचं, अशीच या घरात सहा पिढ्यांची रीत होती.

गृहस्थ नमस्कार करून वेणीमाधवांसमोर बसले आणि आपलं नाव, गाव, कूळ सांगू लागले. वेणीमाधवांनी हात जोडून त्यांना थांबवलं. मग ते उठले, आपल्या बैठकीवरची जागा त्यांनी मोकळी केली आणि आत पाहून ऋचाला हाक मारली.

"वह्या आता माझी मुलगी पाहते," ते पाहुण्यांना म्हणाले. "तिला सांगा. मी पाणी आणतो."