हात वर करा

"भिंतीवर बोटं अशी चालवायची, आजी. मुंगी चढते तशी, सावकाश," फिजिओथेरपिस्टने करून दाखवलं. पण आजींचा हात काही खांद्याच्या वर जाईना. मग तिने सोबत आलेल्या आजींच्या मुलालाच फैलावर घेतलं.

"खांदा काय एका दिवसात आखडतो? वरच्या फळीवरचे डबे खाली ओट्यावर आले, जन्मभराचा अंबाडा जाऊन केस आखूड झाले, की ओळखायचं, हात वर जात नाहीये. घरात जरा डोळे उघडे ठेवून वावरत जा!"

बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला.

संध्याकाळी काम आटोपून ती स्वतःच्या घरी आली. आईने दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थबकली. आईच्या या बॉबकटचा फोटो गेल्याच महिन्यात तिने मोठ्या कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला होता: 'माझी मॉडर्न आई!' तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हात वर कर बघू," ती कशीबशी म्हणाली.

 

"राहू दे गं," आई हसली. "दिवसभर लोकांचे हात वर करून आधीच दमून येतेस."